अधिक वैशाखाचा दावा

एका राज्यात सगळं होतं, फक्त निकाल नव्हता.

नद्या होत्या, बाजार होते, सात वेशींचं नगर होतं. नगराच्या मधोमध शंभर खांबांची न्यायसभा होती. प्रत्येक खांबाला टेकून कोणी ना कोणी बसलेलं असे, कारण तारीख आजची असे आणि पुकारा कधीचाच नसे. लोक भाकरी बांधून येत, चिंचेखाली सोडून खात, आणि संध्याकाळी विरोधी पक्षाच्याच बैलगाडीतून घरी जात. आजोबांनी लावलेला दावा नातू चालवी. मुलगी बघायला गेलं की घरात दावे किती, हे आधी विचारीत. दोनाहून कमी निघाले तर घराणं हलकं समजत. हसू नका. मी ही कथा ज्याला ज्याला सांगितली तो इथे हसला, आणि त्यातल्या निम्म्यांचं स्वतःच्या चुलतभावाशी भिजत घोंगडं पडलेलं होतं.

या राज्याची एक रीत होती. तंटा सभेत गेला की ज्या वस्तूवरून तंटा, तिच्यावर जादूची मोहोर उठवीत. वादी आणि प्रतिवादी, दोघांनी एकमेकांचा हात धरून ती उठवायची. मोहोर उठली की वस्तू दगड होई. हेतू चांगला होता. निकाल लागेपर्यंत ती कोणी पळवू नये, विकू नये, खाऊ नये. निकाल लागला की वस्तू पूर्ववत होणार होती. पण निकाल लागतो कुठे? सभेमागच्या कोठारात दगडी म्हशी उभ्या होत्या, दगडी आंब्यांची अढी होती, एक वरातीचा घोडा होता, आणि लोणच्याची एक बरणी होती जिच्यावरून दोन जावा सतरा वर्षं भांडत होत्या. लोणचं ते! तेवढ्या काळात कैऱ्यांचे सतरा हंगाम येऊन गेले.

न्यायासनावर कालहरणशास्त्री नावाचे जादूगार बसत. त्यांचं वय चारशे वर्षं. त्यांना दात तिसऱ्यांदा आले होते. लोक म्हणत, केवढी पुण्याई! शास्त्री दावा ऐकत, मान डोलवीत, आणि शेवटी जांभई देत. जांभई तोंडाशी आली की आसनाशेजारच्या चांदीच्या दांडीवर बसलेली साळुंकी ओरडे, "पुढे!" की दावा पुढच्या तारखेला गेला.

राजाने हे थांबवायला नको का? नको कसं! पण राजा मणिकेतूच्या डोक्यावरचा मुकुटच दगडी होता. त्याच्या धाकट्या भावाने, रत्नकेतूने, तीस वर्षांपूर्वी त्यावर दावा लावला होता. ज्याचा मुकुटच वादात, त्याचा हुकूम कोण मानणार? राजा मान वाकवून राज्य करी आणि राजवैद्य रोज त्याच्या मानेला तेल चोळी.

अशा या राज्यात, वेशीबाहेरच्या विणकर आळीत, काशाई नावाची म्हातारी होती. तिला दोन मुलगे, थोरला हिरोजी, धाकटा जानोजी. दोघांची घरं एकमेकांना लागून, मधे कुडाची भिंत. एकाचा माग थांबला तर दुसऱ्याला ऐकू येई. दोघांच्या मधली मुलगी बकुळा, ती दोन दिवसांच्या वाटेवरच्या गावी दिलेली होती.

नवरा गेल्यावर काशाईची वाटणी झाली. कार्तिक ते चैत्र ती थोरल्याकडे, वैशाख ते आश्विन धाकट्याकडे. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. मधे अधिक महिने आले, पण ते कोणाच्या तरी सहामाहीच्या पोटात पडले, आणि म्हातारी असेल त्या घरी निघून गेले. बाराव्या वर्षी मात्र चैत्र संपला आणि लागला अधिक वैशाख, नेमका सांध्यावर.

हिरोजी म्हणाला, "खरा वैशाख अजून लागायचा आहे. तोवर आई माझी."

जानोजी म्हणाला, "त्याच्या नावातच वैशाख आहे. आई माझी."

आळीतल्या जाणत्यांनी सांगितलं, पंधरा पंधरा दिवस घ्या. दोघे एका सुरात म्हणाले, तत्त्वाचा प्रश्न आहे. बस्स. हा शब्द एकदा घरात आला की शहाणपण मागच्या दाराने जातं. दोघे सभेत गेले. कारकुनाने विचारलं, वस्तू कोणती? ते म्हणाले, महिना. महिन्यावर मोहोर उठत नाही, असं कारकुनाने पोथी बघून सांगितलं. ज्या जिवावरून महिना, त्या जिवावर उठवा. दोघा भावांनी एकमेकांचा हात धरला. कित्येक वर्षांत धरला नव्हता. त्यांनी आपल्या आईच्या खांद्यावर मोहोर उठवली आणि काशाई उभ्या जागी दगड झाली.

हे दोघे वाईट होते म्हणावं तर तसंही नाही. रोज आळीपाळीने कोठारात जाऊन तिच्या अंगावरची धूळ पुसत. पुसण्याच्या पाळीवरून मात्र एकदा बाचाबाची झाली.

श्रावण लागला. नागपंचमीला बकुळा माहेरी आली. श्रावण म्हणजे आई धाकट्याकडे, म्हणून ती पुरणाची दिंडं घेऊन सरळ जानोजीच्या दारात गेली.

"आई कुठे आहे?"

"कोठारात," जानोजी म्हणाला. "सुरक्षित आहे, अक्का. काळजी करू नकोस."

बकुळेने सगळं विचारून घेतलं. ऐकता ऐकता ती उंबऱ्यावरच खाली बसली. मग तिने एकेक प्रश्न विचारला.

"भांडण कोणत्या महिन्याचं?"

"अधिक वैशाखाचं."

"आता कोणता महिना चालू आहे?"

"श्रावण."

"म्हणजे तो महिना संपला?"

"संपला."

"मग आता कशावरून भांडता, मेल्यांनो?"

कुडाच्या पलीकडून हिरोजीचा आवाज आला, "बकुळे, तत्त्वाचा प्रश्न आहे!"

जानोजी म्हणाला, "हे मात्र दादा बरोबर बोलला."

सुंभ जळतो, पीळ जात नाही, तो असा. बकुळेने दिंडांचा डबा बाजूला ठेवला, एकाचा उजवा कान धरला, कुडाला वळसा घालून दुसऱ्याचा डावा धरला, आणि दोघांना भर आळीतून न्यायसभेत नेलं. कारकुनाला ती म्हणाली, "यांना दावा मागे घ्यायचा आहे."

"घ्या की," कारकून म्हणाला. "अर्ज करा. अर्जाला तारीख मिळेल."

बकुळा कोठारात गेली. दगडी म्हशींच्या पलीकडे, घोड्याच्या शेजारी, तिची आई उभी होती. बकुळेने तिच्या गालाला हात लावला. गाल विहिरीच्या कठड्यासारखा गार लागला. बकुळा रडली, आणि रडता रडताच भावांना बोल बोल बोलली.

तेव्हा कोठाराच्या झरोक्यात साळुंकी येऊन बसली. सभा सुटली होती, तिला तेवढीच उसंत.

"बाई," साळुंकी म्हणाली, "रडायला दहा दिवस आहेत. की काही करशील?"

"दहा दिवस कसले?"

"हिच्या दाव्याच्या दोन तारखा झाल्या. तिसरी पौर्णिमेला आहे. दर तारखेला दगडातल्या जिवाचं आयुष्य थोडं थोडं शास्त्र्यांकडे जातं. म्हणून ते चारशे वर्षांचे आहेत. तिसऱ्या तारखेला मी 'पुढे' म्हटलं की हिच्यात उरणार काही नाही. मग निकाल लागला तरी ती दगडच."

"मग म्हणू नकोस."

"जांभई त्यांच्या तोंडाशी आली की माझं तोंड आपोआप उघडतं. मंत्र आहे."

दोघे भाऊ पांढरेफटक पडले. हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुरक्षित आहे, एवढंच सांगितलं होतं त्यांना.

"मोहोर सुटायला निकालच लागतो असं नाही," साळुंकी पुढे म्हणाली. "ज्या राजाने ती घडवली त्याने मागच्या बाजूला कोरून ठेवलं आहे. ज्यांचं भांडण त्यांनी आपसांत मिटवलं तरी ती सुटते. त्याला तीन गोष्टी लागतात. पहिली, मुक्या डोहाचं पाणी. दुसरी, सोडगुहेची माती."

"तिसरी?"

"ठाऊक नाही. तिथली अक्षरं झिजली आहेत, आणि पहिलीच्या पुढे आजवर कोणी गेलेलंच नाही. सगळे डोहावरूनच भांडत परत येतात."

त्याच पावली तिघे निघाले. दोन दिवस चालले. सप्तमीला मुका डोह आला. त्याच्या काठावर पानही सळसळत नव्हतं. डोहातून एक म्हातारा नाग वर आला, काठाच्या खडकावर हनुवटी टेकून म्हणाला, "पाणी हवं?"

"हवं," बकुळा म्हणाली.

"थोरल्याने धाकट्याचं म्हणणं सांगावं. धाकट्याने थोरल्याचं. ज्याचं आहे त्याने 'होय, हेच' म्हटलं की घागर भरा. मधे आपलं घोडं दामटलं तर डोह हातभर आटेल."

हिरोजी पुढे सरसावला. "सोपं आहे. याचं म्हणणं असं की याला पंचांगातलं काही कळत नाही, तरी..."

डोह हातभर आटला.

जानोजी म्हणाला, "थांब, मी सांगतो. दादाचं म्हणणं असं की तो थोरला आहे, म्हणून सगळं त्यालाच पाहिजे..."

डोह आणखी हातभर आटला.

सप्तमी गेली. अष्टमी गेली. दोघांनी मिळून डोह गुडघाभर केला. नागाची शेपटी उघडी पडली तशी तो म्हणाला, "मी इथे हजार वर्षं राहतो आहे. मला बेघर करू नका." बकुळेने कपाळ बडवून घेतलं. "अरे दादा, त्याचं म्हणणं तुला माहीत नाही ना? मग त्याला विचार! तोंड आहे त्याला!"

हिरोजीला हे खरंच सुचलं नव्हतं. त्याने घसा खाकरला, डोहाकडे बघत विचारलं, "जानू, तुझं म्हणणं तरी काय आहे?"

जानोजी म्हणाला, "पावसाळा माझ्या वाट्याला आहे, दादा. माझं छप्पर गळतं. आईला खोकला होतो तो माझ्याच घरी. दिवाळी झाली की ती तुझ्याकडे येते, अंगणात ऊन खाते, बरी होते. आळी म्हणते, थोरल्याकडे म्हातारी सुधारते आणि धाकट्याकडे झिजते. कोरडा असा एक वैशाखच मला मिळतो, तो छप्पर शाकारण्यात जातो. मला आणखी एक कोरडा महिना हवा होता. माझ्या अंगणात ती हसताना लोकांना दिसायला हवी होती."

हिरोजीने मान खाली घातली. "आणि माझं ऐक. ती माझ्याकडे असते तेव्हा बोटांवर दिवस मोजते. चैत्र लागला की गाठोडं बांधून दाराशी ठेवते, जानूकडे जायला. मला वाटलं, या वर्षी महिना लांबला तर निदान गाठोडं सोडून बसेल."

"गाठोडं?" जानोजी म्हणाला. "माझ्याकडेही भाद्रपदापासून बांधून ठेवते. मला वाटायचं, तुझ्याकडे जायची घाई आहे."

मग थोरल्याने धाकट्याचं म्हणणं सांगितलं, छप्पर, खोकला, आळी, काही न गाळता. धाकटा म्हणाला, "होय, हेच." धाकट्याने थोरल्याचं सांगितलं. थोरला "होय, हेच" म्हणताना रडत होता. नागाने सुस्कारा सोडला, गुडघाभर पाण्यातून घागर भरून दिली, आणि म्हणाला, "आता लवकर जा."

एकादशीला तिघे सोडगुहेशी पोचले. पोटात अन्न नव्हतं. गुहेत सोन्याचे हंडे रचलेले होते आणि त्यांवर एक लठ्ठ यक्ष बसला होता.

"हंड्यांना हात लावू नका," तो म्हणाला. "एकेका हंड्यावर सात सात दावे आहेत. हंडा घेणाऱ्याला तेही चिकटतात. माती हवी असेल तर प्रत्येकाने काहीतरी सोडा."

"मी महिना सोडला!" हिरोजी म्हणाला. "अधिक वैशाख जानूचा."

"छे छे!" जानोजी म्हणाला. "मी सोडला. दादाचा."

"मी आधी सोडला."

"मी थोरल्याचा मान राखतो आहे!"

"आणि मी काय धाकट्याच्या तोंडचा घास काढू?"

"घ्यावाच लागेल तुला!"

"बघतो कसा घ्यायला लावतोस!"

दोघे गळ्यात पडता पडता गळा धरायला लागले. यक्षाने कानात बोटं घातली. काय सांगावं या माणसांना! आधी घेण्यावरून भांडले, आता देण्यावरून. एकादशीचा सूर्य मावळतीला गेला तरी औदार्याचा तंटा संपेना. बकुळेने शेवटी पाण्याची घागर जपून खाली ठेवली आणि दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घातला.

"महिना सोडणं सोपं आहे! तो संपून तीन महिने झाले. जे सोडायला जड जातं ते सोडा. दादा, तुला शेवटचा शब्द नेहमी आपलाच हवा असतो. तो सोड. आणि जानू, दादा कधी काय बोलला ते सगळं तू मनात धरून बसला आहेस, लहानपणापासून. ते सोड."

हिरोजीने तोंड उघडलं. काहीतरी उत्तर देणारच होता. दिलं नाही. तो न दिलेला शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून पितळेच्या घंगाळासारखा ठणकन गुहेत पडला आणि घरंगळत गेला. जानोजीच्या कमरेच्या बटव्यातून गाठी मारलेला दोरा बाहेर यायला लागला. एकेचाळीस गाठी होत्या. पहिली गाठ सात वर्षांचा असतानाची, भोवरा हरवल्याची. दोरा संपला तेव्हा तो जरा सरळ उभा राहिला.

यक्षाने बकुळेकडे पाहिलं. "आणि तू?"

"मी? मी काय केलं आहे? मी तर यांचं निस्तरते आहे!"

"बरं," यक्ष म्हणाला, आणि मूठभर माती तिच्या पदरात टाकली. "पण अर्धंच झालं हे लक्षात ठेव."

बकुळेला त्याचा राग आला. वाटेत तिने हे कोणाला बोलूनही दाखवलं नाही.

द्वादशीला ते परतीला लागले. तीन दिवसांच्या वाटेवर बकुळेने समेट तयार केला. अधिक महिना पंधरा पंधरा दिवस. छप्पर दोघांनी मिळून शाकारायचं. पावसाळ्यातला भाद्रपद थोरल्याने घ्यावा, त्याबदली फाल्गुन धाकट्याला. गाठोडं वाहून न्यायची पाळी ठरवली. दोघे भाऊ "होय" म्हणत गेले. इतका नीट समेट त्या राज्यात कोणी केला नव्हता, आणि बकुळेला त्याचा अभिमान वाटत होता, तो तिने लपवलाही नाही.

पौर्णिमेच्या सकाळी ते कोठारात शिरले. शेजारी सभा भरली होती. काशाईच्या दाव्याचा पुकारा झाला होता. झरोक्यातून सभेतली साळुंकी दिसत होती. तीही इकडेच बघत होती.

बकुळेने आईच्या पायांवर डोहाचं पाणी ओतलं. खांद्यावरच्या मोहोरेला माती लावली. आणि स्वच्छ आवाजात समेट वाचला, पहिल्या कलमापासून शेवटापर्यंत.

मोहोरेला बारीकशी चीर गेली. एवढंच. काशाई दगडच राहिली.

"पुन्हा वाच," हिरोजी म्हणाला. तिने पुन्हा वाचला. काही नाही.

सभेत कालहरणशास्त्र्यांना जांभई यायला लागली. त्यांची जांभई मोठी असे. ती टाचेपासून निघे आणि चढत चढत तोंडाशी येई. साळुंकी दांडीवरूनच ओरडली, "गुडघ्यापर्यंत आली!"

जानोजी आईच्या पायांवर पडला. हिरोजी म्हणाला, "सगळा महिना त्याला लिही. सगळं वर्ष लिही!" बकुळेने तसंही वाचून पाहिलं. दगड हलला नाही.

"कमरेपर्यंत!" साळुंकी ओरडली.

मग बकुळेचा धीर सुटला. दहा दिवसांची पायपीट, एकादशीचा उपास, दोन भावांचा छळ, सगळं एकदम उसळून आलं. आईच्या दगडी दंडाला धरून ती ओरडली, "आई, पाणी आणलं, माती आणली, एवढे नीट महिने वाटले तुझे! आणखी काय हवं आहे तुला?"

मोहोर खांद्यावरून गळून पडली.

बकुळेचा हात अजून आईच्या दंडावर होता आणि दंड कोमट होत होता. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. मग तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू, यावेळी उत्तर ऐकण्यासाठी.

"आई, तुला काय हवं आहे?"

काशाईने डोळे उघडले. आधी दोन्ही मुलांकडे पाहिलं, मग मुलीकडे. खोकली, ओठ पुसले, आणि म्हणाली, "अकरा वर्षं झाली मला हे विचारायला कोणाला वेळ नव्हता."

"गळ्यापर्यंत आली!" साळुंकी ओरडली. "लवकर बोला, बाई!"

"घाईने बोलणार नाही," काशाई म्हणाली. "बारा महिने तुम्ही वाटून घेतलेत. मी मधे पडले नाही. तुम्ही माझी मुलं, आणि दोन्हीकडे मला पोटभर मिळतं. पण दोन्हीकडे मी पाहुणी. कुठेही असले तरी निघायची तयारी करत असते. यंदा एक महिना उरला. मी मनात म्हटलं, चला, हा कोणाच्याच वाट्याचा नाही, तो मी घेईन. तर तुम्ही दोघांनी त्याच्यावरून मला दगड केलंत."

"कुठे राहशील?" हिरोजीने विचारलं.

"नदीकाठच्या रंगाच्या खोपीत. तुझा बाप सूत रंगवायचा तिथे. जन्मभर मी त्याच्यासाठी पाणी उकळलं. रंगात त्याने मला हात घालू दिला नाही, म्हणायचा, बिघडेल. मला एक लुगडं रंगवायचं आहे. निळं. बिघडलं तर बिघडलं."

"एकटी?" जानोजी म्हणाला.

"एकटी."

"आई, मी कलमात तसं लिहून..." बकुळा म्हणायला लागली.

"तुझी कलमं चांगली आहेत, बकुळे. पण त्यात मी कुठे आहे, ते तूही विचारलं नाहीस."

बकुळेच्या हातातला समेटाचा कागद खाली गेला.

"होय," दोघे भाऊ म्हणाले. "होय," बकुळा म्हणाली. त्याच क्षणी सभेत जांभई शास्त्र्यांच्या तोंडाशी पोचली. साळुंकीची चोच मंत्राने उघडली, पण पुढे ढकलायला दावाच उरला नव्हता. तिच्या तोंडून दुसरेच शब्द निघाले.

"दावा मिटला!"

शंभर खांबांत हा शब्द पहिल्यांदाच ऐकू आला. शास्त्र्यांची जांभई मिटेना. तिसऱ्यांदा आलेले दात टपाटप पडले, उसनी घेतलेली चारशे वर्षं ज्यांची त्यांच्याकडे गेली, आणि न्यायासनावर शास्त्र्यांच्या जागी एक लांबरुंद दगडी ओटा झाला. साळुंकी झरोक्यातून बाहेर उडाली. ती त्या राज्यात पुन्हा कोणाला दिसली नाही, आणि मी तिला मुळीच दोष देत नाही.

लोक आधी घाबरले, मग कोठारात घुसले. जो तो आपल्या दगडाशी जाऊन ओरडायला लागला. काशाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दगडावर काय ओरडता? म्हैस बोलणार आहे का? समोर माणूस उभा आहे, त्याला विचारा." लोणच्याच्या दोन जावांनी एकमेकींना विचारलं. तेव्हा कळलं की थोरलीला लोणचं आवडतच नव्हतं. ते आपल्याला न विचारता घातलं, एवढंच तिचं दुःख होतं. शास्त्र्यांबरोबर मोहोरांचा जोरही ओसरला होता, आता एवढं विचारणंच पुरलं, आणि बरणी खळकन काचेची झाली. उघडली तर लोणचं उत्तम मुरलेलं होतं.

राजा मणिकेतू वाकलेली मान घेऊन भावाच्या महाली गेला. तीस वर्षांत गेला नव्हता. "रत्नकेतू, तुला मुकुट हवा आहे का?"

"नाही, दादा."

"मग दावा का लावलास?"

"तुझ्या राज्याभिषेकाला मला चौथ्या ओळीत बसवलं होतं. मामेभावांच्या मागे."

राजाला आधी राग आला, मग हसू आलं, मग त्याने भावाला शेजारी बसवून घेतलं. मुकुट सोन्याचा झाला आणि राजाची मान हळूहळू सरळ झाली. दुसऱ्या दिवशी त्याने हुकूम काढला, आणि लोकांनी तो मानला. ज्यांचं भांडण त्यांनी आधी त्या दगडी ओट्यावर समोरासमोर बसावं. तिथे मिटलं नाही तरच सभेत यावं, आणि सभेने तिसऱ्या दिवशी निकाल द्यावा. त्यानंतरही त्या राज्यात लोक भांडत राहिलेच. माणसंच ती.

काशाईचा महिना पौर्णिमेपासून धरला. ती नदीकाठच्या खोपीत राहायला गेली. दोन्ही मुलगे पहिले दोन दिवस कुंपणाशी येऊन उभे राहिले. तिने त्यांना आत बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बकुळा भाकरी आणि पिठलं बांधून गेली.

काशाई रंगाच्या हौदाशी बसली होती. कोपरापर्यंत दोन्ही हात निळे झाले होते. लुगडं दोरीवर वाळत होतं. रंग एकसारखा चढलेला नव्हता, काठाकडे फार गडद, पदराकडे फिका.

"बिघडलं, आई," बकुळा म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

"हो," काशाई म्हणाली. ती त्या लुगड्याकडे अशी बघत होती की बकुळेने आईला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. "भाकरी ठेव आणि सासरी जा. काही लागलं तर निरोप पाठवीन. निरोप आला नाही तर मी बरी आहे."

बकुळेला वाईट वाटलं, थोडा रागही आला. तिने भाकरी खोपीच्या ओट्यावर ठेवली. निघताना पायापाशी वाकली तेव्हा काशाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या केसांना निळा रंग लागला. घरी पोचेपर्यंत तो गेला नाही.

जसा काशाईला तिचा महिना मिळाला, तसा ज्याचा त्याला मिळो.